गळती कुणाच्या महिन्यातली

आमच्या गावच्या शाळेतून निवृत्त झालेले एक मास्तर आता दिवाळी अंकाचं काम बघतात. परवा घरी आले आणि म्हणाले, "मिस्त्री, तुमच्या धंद्यातलं काहीतरी लिहून द्या." मी म्हटलं, "नटबोल्टाचं कोण वाचणार?" तर म्हणाले, "नटबोल्टाचं थोडं लिहा, माणसांचं जास्त लिहा." गाड्या आठवायला बसलो तर बऱ्याचशा एकमेकींत मिसळून गेल्या. कुणाचा क्लच, कुणाचा गिअर, काही लागेना. शेवटी जी गाडी जशीच्या तशी डोळ्यांपुढं उभी राहिली, तिच्यावर मी केलेलं काम कुणीही नवशिक्या करील असं होतं.

कासुर्डीला हायवेच्या कडेला माझं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार लोखंडी खांब, वर पत्रा आणि मागच्या लिंबाची सावली. पुण्याहून सोलापूरकडं जाणाऱ्या गाड्या उन्हाळ्यात तापून माझ्या दारात येऊन थांबायच्या. बॉनेटमधून वाफ, आत घामाघूम झालेली माणसं, आणि पहिला प्रश्न ठरलेला, किती वेळ लागेल. मी सांगायचो, आधी गार होऊ द्या. हे कुणालाच आवडायचं नाही. माझं निम्मं आयुष्य हत्यारं चालवण्यात गेलं आणि निम्मं लोकांना सावलीत बसवून ठेवण्यात.

ज्यांनी कधी बॉनेट उघडलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इंजिन चाललं की तापतं. ते फार तापू नये म्हणून त्याच्या अंगातून पाणी फिरवलेलं असतं. त्या पाण्यात रंगीत औषध घालतात, त्याला कूलंट म्हणतात. त्यानं पाणी लवकर उकळत नाही आणि आतलं लोखंड गंजत नाही. तापलेलं पाणी वरच्या रबरी पाईपातून पुढच्या जाळीत, म्हणजे रेडिएटरमध्ये जातं, तिथं वाऱ्यानं निवतं आणि खालच्या पाईपातून परत इंजिनात येतं. पाईप रबराचा असल्यामुळं त्याला वय असतं. आधी तो फुगतो, मग कडक होतो, मग तो आवळून धरणाऱ्या क्लिपेपाशी केसाएवढी चीर पडते आणि थेंब थेंब गळायला लागतं. थेंबाकडं कोणी बघत नाही, कारण गाडी तर चालत असते.

थेंब वाईट नाही, वाईट आहे ते रेडिएटरचं झाकण. तापलेल्या गाडीत ते पाणी दाबाखाली कोंडलेलं असतं. अशा वेळी झाकण फिरवलं की सगळं उसळून वर येतं, तोंडावर. माझे उस्ताद एरवी गरीब माणूस, पण तापलेल्या गाडीच्या झाकणाला कोणी हात घातलेला दिसला की हातातला पाना फेकून मारायचे.

गिऱ्हाइकं एकेक भेटली. एका वऱ्हाडाची गाडी यवतच्या अलीकडं उकळली. नवरदेव त्याच गाडीत. जवळ पाणी मिळेना, तेव्हा हौशी मंडळींनी पाहुण्यांसाठी नेत असलेलं पिंपातलं लिंबू सरबत रेडिएटरमध्ये ओतलं आणि नवरदेवाला वेळेवर मांडवात पोचवलं. नंतर ती गाडी माझ्याकडं आली तेव्हा जाळीतून पाक निघाला आणि बॉनेटवर मुंग्यांची रांग लागलेली. मालक म्हणाले, "आसू द्या मिस्त्री. लगीन तर लागलं."

राहू गावाच्या बाजूला एक बिरामामा होते. घरातली मेंढरं त्यांच्या वडलांच्या काळातच गेली, आता ऊस आणि कांदा. पण हातातली लोकर वळायची कला गेली नव्हती. पाईप गळायला लागल्यावर त्यांनी त्याला लोकरीची दोरी अशी काही आवळली की ती सोडवताना माझी नखं उचकटायची वेळ आली.

"कशाला सोडताय?" मामा म्हणाले. "गळतीय का?"

"आता गळत न्हाई मामा, पर गळंल."

"मग गळंल तवा या."

त्यांना पटवायला सकाळची दुपार झाली, पण पटले. नवा पाईप बसवून घेतला आणि दोरी धुऊन ठेवून दिली. असं पटणारं गिऱ्हाईक मिळणं हे मिस्त्रीचं नशीब.

पुढं हायवे रुंद झाला, मोठी सर्व्हिस सेंटरं आली. माझा मुलगा रांजणगावला कंपनीत लागला. त्याला शिफ्टची बस बरी वाटली, माझं ग्रीस बरं वाटलं नाही, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मला म्हणवत नाही. मी पत्रा उतरवला आणि मोटरसायकलच्या डिकीत हत्यारं टाकून लोकांच्या घरी जाऊन कामं करायला लागलो. इकडं यवत, केडगाव, दौंड, नदीपलीकडं शिरूर तालुक्यातली गावं. दारात उभ्या असलेल्या गाडीचं काम गॅरेजच्या कामापेक्षा वेगळं असतं. गॅरेजात गिऱ्हाईक आपल्या जागेत असतं. दारात आपण त्यांच्या जागेत असतो. बॉनेटमध्ये डोकं घातलेलं असलं तरी घरातलं बोलणं कानावर पडतं, आणि काही घरांत न बोलणंही ऐकू येतं.

वडगाव रासाई ही माझी सासुरवाडी. भीमेच्या काठचं, उसाचं गाव. तिथं मी मिस्त्री म्हणून कितीही कामं केली तरी त्या गावाला मी जावईच. माझ्या बायकोच्या भावकीत दोन भाऊ होते. थोरले हनुमंत, त्यांना सगळे आप्पा म्हणत. धाकटे विलास. आप्पा मला पाव्हणं म्हणायचे, विलास दाजी म्हणायचा, आणि त्यांची आई, जिजी, जावईबापू म्हणायच्या. त्यांचे वडील, आबा, उसाच्या बऱ्या दिवसांत एक पांढरी डिझेल गाडी घेऊन आले होते. सात-आठ माणसं आरामात बसायची. आबांच्या वेळेपासून ती गाडी मीच बघायचो. मी काम करत असलो की विलास शेतातलं सोडून बाजूला येऊन उभा राहायचा. काही न बोलता बघायचा आणि मला हवा तो पाना मी मागायच्या आधी पुढं करायचा.

आबा गेल्यावर वाटणी झाली. बैठकीला भावकीतली जाणती माणसं होती. मी सासऱ्यांबरोबर गेलो होतो, भिंतीला टेकून बसलो होतो. जमिनीचे तुकडे पडले, विहिरीच्या पाळ्या ठरल्या, जनावरं वाटली. घर मधून भिंत घालून दोन झालं, अंगण एकच राहिलं. जिजींनी कुठं राहायचं हे जिजींनीच ठरवलं, एक वेळ इकडं जेवीन, एक वेळ तिकडं. शेवटी गाडी उरली.

विलास म्हणाला, "आप्पा, गाडी माझ्याकडं ऱ्हाऊ द्या. बदल्यात तुम्ही म्हनाल ते जनावर घ्या. तिचं मीच बघतो, आबा आसल्यापासनं."

आप्पा म्हणाले, "तुला वस्तू सांभाळता येत न्हाई. विहिरीवरची मोटार कुणी जाळली?"

मोटार जळली होती ती विजेचा दाब कमी-जास्त झाला म्हणून. त्याच आठवड्यात गावात आणखीही मोटारी जळल्या होत्या. बसलेल्या सगळ्यांना ते माहीत होतं, आणि आप्पांनाही. पण थोरल्या भावाला मध्येच कोण अडवणार? विलास खाली मान घालून बसला. त्याची बायको आतल्या दाराशी उभी होती, ती आत निघून गेली. मग जाणत्यांनी तोडगा काढला. गाडी एक महिना आप्पांची, एक महिना विलासची. ज्याच्या महिन्यात बिघडेल, त्यानं दुरुस्त करायची. सगळ्यांना हे शहाणपणाचं वाटलं. मलासुद्धा.

त्या वर्षीच्या थंडीत विलासचा फोन आला. "दाजी, जरा येऊन जावा. गाडीखाली वल दिसतीय."

मी गेलो. अंगणात सारवलेल्या जमिनीवर गुलाबी डाग पडला होता. आधी त्यावर पाणी ओतून तो धुऊन काढला, कारण कूलंट चवीला गोड असतं आणि कुत्र्यानं चाटलं तर जीव जातो. मग बॉनेट उघडलं. वरचा पाईप क्लिपेपाशी चिरला होता. नवा पाईप मी अंदाजानं बरोबर आणलाच होता.

"पाईप बदलायचा," मी म्हणालो. "बाकी कायच न्हाई. चहा व्हईस्तवर व्हतंय."

तेवढ्यात आप्पा त्यांच्या दारातून बाहेर आले. महिना त्याच आठवड्यात बदलला होता, गाडी आप्पांकडून विलासकडं आलेली.

"काय झालं, पाव्हणं?"

"पाईप गळतोय."

"माझ्याकडं व्हती तवर गळत नव्हता."

विलास म्हणाला, "आप्पा, आल्या आल्या दुसऱ्या दिशी डाग दिसला. रबर काय एका रात्रीत फाटतं व्हय?"

"मला दिसला न्हाई. तू तिला कुठं आपटली का काय ते तुला ठाऊक."

आपटल्यानं हा पाईप फाटत नाही, असं मी म्हणालो. तो वयानं फाटतो, कुणाच्या महिन्यात फाटला याला अर्थ नाही. पण ते दोघं माझ्याशी बोलतच नव्हते. पाईपाची किंमत दोघांनाही जड नव्हती. विलासनं तो बदलून घेतला असता तर त्याच्या हातून गाडी बिघडली असं ठरलं असतं, म्हणजे बैठकीतलं आप्पांचं बोलणं खरं ठरलं असतं. आणि आप्पांनी बदलला असता तर चारचौघांत धाकट्याला जे बोलले ते खोटं ठरलं असतं.

मी म्हटलं, "मग दोघं बी ऱ्हाऊ द्या. मी माझ्याकडनं बसवतो. जावयाची भेट समजा."

आप्पा शांतपणे पुढं आले आणि बॉनेटच्या कडेवर हात ठेवला. "पाव्हणं, जावयाकडनं घ्यायची आमच्यात रीत न्हाई."

यावर गावचा जावई काय बोलणार? दुसऱ्या कुठल्या गावात असतो तर शिव्या देऊन पाईप बसवला असता. इथं माझ्या बायकोला माहेर टिकवायचं होतं.

जिजी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "आता काय गाडी गळतच ठेवायची का रं?"

गाडी तशीच सोडून जाणं माझ्या हाताला जमेना. मी मोटरसायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापली, पाईप कोरडा पुसला, पट्टी ताणून ताणून चिरेवर गुंडाळली आणि वरून दोन क्लिपा आवळल्या. गाडी चालू करून बघितली, थेंब नाही. दोघांनाही समोर उभं करून सांगितलं, "ही पट्टी दवाखान्यात जाईपर्यंत बांधलेल्या फडक्यासारखी हाय. उन्हाळा लागायच्या आत पाईप बदला. गरमीचा काटा वर गेला तर गाडी बंद करा आन् झाकणाला हात लावू नका." विलासनं मान हलवली. आप्पाही व्हय म्हणाले. नवा पाईप मी परत डिकीत टाकला.

माझ्या कामाचा मला अभिमान होता, आजही आहे. पण त्या पट्टीबद्दल मला हळहळ वाटते ती याची, की ती टिकली. गाडी ऊसतोडीच्या धावपळीत फिरली, शिरूरच्या बाजाराला गेली, दोन लग्नं करून आली, पट्टीतून थेंब आला नाही. मी सासुरवाडीला गेलो की आधी बॉनेट उघडून बघायचो. आप्पा म्हणायचे, "पाव्हणं, तुमची पट्टी लई भारी." विलास म्हणायचा, "पुढल्या महिन्यात बघू, दाजी." पुढचा महिना दुसऱ्याचा असायचा. पट्टी आठवड्यात सुटली असती, दारातच पाणी सांडलं असतं, तर चिडून का होईना एकानं पाईप बसवला असता.

पुढचं मला जिजींनी सांगितलं, एकदा नाही, बऱ्याचदा. सांगताना त्या दर वेळी एकाच ठिकाणी थांबायच्या.

वैशाखातली सकाळ होती. विलासचा महिना. जिजींचे गुडघे दुखत होते म्हणून तो त्यांना दौंडला डॉक्टरांकडं नेत होता. नदीवरचा पूल ओलांडून थोडं पुढं गेले तोच समोरून वाफ निघायला लागली. विलासनं गाडी कडेला घेतली, बंद केली, बॉनेट उघडलं. आसपास झाड नव्हतं, उसाचं रान तोडून मोकळं झालेलं. जिजी आत बसलेल्या, ऊन वाढत चाललेलं.

"आप्पाला फोन लाव," जिजी म्हणाल्या. "त्यो मोटरसायकल घिऊन यील."

"नगं. माझा महिना हाय."

"मग गार तरी हू दे."

"जिजी, डॉक्टर सकाळचाच आसतो."

तो थोडा वेळ थांबला. किती, ते जिजींना सांगता येत नाही. आईला उन्हात बसवून ठेवणं त्याला सोसवेना, असं त्या म्हणतात. मागच्या सीटवर पाण्याचा कॅन होता तो त्यानं काढला, झाकणावर टॉवेल टाकला आणि झाकण फिरवलं. इथं जिजी थांबायच्या. पदराचा काठ बोटांत धरायच्या आणि मग पुढचं सांगायच्या.

गाडीतलं कळणारा माणूस होता तो. झाकण उघडू नये हे मी त्याला सांगितलं होतं, आणि मी सांगायच्या आधीही त्याला ठाऊक होतं. पण रस्त्यात अडकलेला माणूस ठाऊक असलेलं सगळं करतोच असं नाही.

रांजणगावहून रात्रपाळीची माणसं सोडायला दौंडकडं निघालेली कंपनीची बस मागून आली. ड्रायव्हरनं थांबवली. बसमधल्या पोरांनी आपापल्या बाटल्यांतलं सगळं पाणी विलासच्या तोंडावर आणि हातावर ओतलं. त्यातला एक उत्तरेकडचा होता, तो जिजींचा हात धरून म्हणाला, "माँजी, आप बैठो, हम देखते हैं." त्याचं नाव विचारायचं राहिलं याची जिजींना अजून रुखरुख आहे. बसनंच त्यांना दौंडच्या दवाखान्यात नेलं. ड्रायव्हरनं विलासच्या फोनवर आप्पांचं नाव शोधून फोन लावला.

मला कळलं ते दुपारी. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा आप्पा बाहेरच्या बाकावर बसले होते. पायात चप्पल नव्हती. घरून निघताना घालायची राहिली होती आणि दिवसभर कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मला बघून उठले, पुन्हा बसले.

"उजवा डोळा," ते म्हणाले. "डॉक्टर म्हनत्यात सांगता येत न्हाई."

आम्ही आत गेलो. विलासच्या चेहऱ्याचा उजवा भाग आणि उजवा हात बांधलेला होता. डावा डोळा उघडा होता. आप्पांनी त्याच्या उशाशी पाण्याची बाटली ठेवली, चादर सारखी केली. विलास छताकडं बघत बोलला. आवाज अगदी साधा होता.

"आप्पा, माझ्याच महिन्यात झालं. तुम्ही म्हनला व्हता तेच खरं. मला वस्तू सांभाळता येत न्हाई."

आप्पा खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत उभे राहिले. त्यांच्या खांद्यांकडं मला बघवेना म्हणून मी पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर आलो.

हात बरा झाला, डाग राहिले. डोळ्यासाठी पुण्याला नेलं, आप्पा प्रत्येक वेळी बरोबर गेले. उजेड आणि अंधार एवढं त्या डोळ्याला कळतं, पुढं काही नाही. त्या दिवसांत आप्पांच्या घरून विलासच्या घरी डबा जायचा, विलासच्या पिकाचं पाणी आप्पाच धरायचे. लोक म्हणायचे, बघा, भाऊ भाऊ एक झाले. मी जाऊन-येऊन होतो. आप्पा खालच्या मानेनं कामं करायचे आणि विलास प्रत्येक वेळी व्हय आप्पा, बरं आप्पा म्हणायचा. परक्या माणसाशी बोलावं तसं.

गाडी तेवढे दिवस एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या वस्तीवर उभी होती. आप्पांनी ट्रॅक्टरला बांधून ती घरी आणली आणि मला फोन केला.

"पाव्हणं, या. तेवढा पाईप बदला."

मी दुसऱ्या दिवशी गेलो. जिजी उंबऱ्यात बसल्या होत्या. आप्पा गाडीशेजारी उभे होते. मी मागायच्या आधीच त्यांनी बॉनेट उघडून काठी लावली. गाडी कितीतरी दिवस बंद होती, तरी मी झाकणाला हात घातला तेव्हा ते एक पाऊल मागं सरकले.

काम कसं करतात ते सांगतो, कारण वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी दारात अशी गाडी उभी असेल. इंजिन हाताला पूर्ण गार लागलं पाहिजे. खाली घमेलं ठेवून जाळीतलं पाणी काढून घ्यायचं. पाईपाच्या दोन्ही टोकांच्या क्लिपा सैल करायच्या. जुना पाईप ओढून काढायचा नाही. जाळीचं नळकांडं प्लास्टिकचं असतं, ते मोडतं आणि छोट्या कामाचं मोठं काम होतं. पाईपाला उभा काप द्यायचा, तो आपोआप सुटतो. मी माझी पट्टी सोडवली. ती अजून घट्ट होती, पण चीर तिच्या खालून पुढं सरकत गेली होती आणि पट्टीच्या बाहेर फाटली होती.

नळकांडं बारीक पॉलिश पेपरानं साफ केलं, नवा पाईप आतून ओला करून चढवला, क्लिपा काठापासून थोड्या आत घेऊन आवळल्या. फार आवळायच्या नाहीत, रबर कापतं. आप्पांनी कूलंट धरलं, मी हळूहळू ओतलं. मग झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं. आतली हवा बुडबुड्यांनी निघून जाते, पातळी खाली जाते, पुन्हा भरायचं. हवा पुरी गेली की मग झाकण बसवायचं आणि पाईपावर हात ठेवून बघायचं, तो हळूहळू कोमट होत जातो.

इंजिनाचा आवाज ऐकून विलास त्याच्या दारातून बाहेर आला. डोळ्यावर हिरवं फडकं होतं. अंगणाच्या मध्यापर्यंत आला आणि डोकं एका बाजूला कलवून उभा राहिला.

"दाजी, पंख्याला कायतरी लागतंय."

मला काही ऐकू येत नव्हतं. आप्पा म्हणाले, "न्हाई रं, बराबर हाय."

"लागतंय. बारीक हाय."

मी गाडी बंद करून वाकून बघितलं. पाणी उसळलं त्या वेळी एका वायरीचा पकडा निघाला होता आणि ती वायर पंख्याच्या पात्याला चाटून जात होती. दोन-चार दिवस चालली असती तर सोलून निघाली असती. मी ती जागेवर बांधली, गाडी पुन्हा चालू केली. विलासनं पुन्हा कान दिला आणि मान हलवली.

आप्पा बॉनेटची कड धरून उभे होते. ते विलासकडं न बघता, माझ्याकडं तोंड करून म्हणाले, "त्याला कळतं. गाडीतलं, मोटारीतलं, समदं कळतं. ल्हानपनापासनं. आबा बी म्हनायचं."

विलास म्हणाला, "ह्ये तवा बैठकीत म्हनला आसता, आप्पा."

त्याच्या आवाजात राग नव्हता. तो वळला आणि सावकाश, पायाखालची जमीन बघत, घरात गेला. आप्पांनी गाडी बंद केली. किल्ली काढली आणि ती हातात घेऊन तिथंच उभे राहिले.

मी हत्यारं पुसून पिशवीत भरायला लागलो. जिजी अजून उंबऱ्यातच होत्या.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "एवढंच काम व्हतं व्हय?"

"व्हय जिजी," मी म्हणालो. "एवढंच."